चर्चला येणं थांबलेल्या बंधुभगिनीसाठी: घरी जावं, पाळकांना सांगावं की थांबावं?

इंदूरच्या मराठी ख्रिस्ती घरांत हा प्रश्न वारंवार पडतो. उपासनेला शेजारी बसणारं कुटुंब काही महिने दिसत नाही. नाताळला भेटतात, हात मिळवतात आणि पुन्हा दिसेनासे होतात. अशा वेळी काय करावं?

बायबलमधल्या लूकच्या शुभवर्तमानात, १५व्या अध्यायात, दोन वाटा शेजारी शेजारी आहेत. शंभरातलं एक मेंढरू हरवलं तर मेंढपाळ शोधायला निघतो. पण वाटणी मागून दूर देशी गेलेल्या धाकट्या मुलाच्या मागे बाप जात नाही. मला वाटतं, फरक दूर जाण्याच्या रीतीत आहे. मेंढरू चरता चरता भरकटतं; मुलगा तोंडावर सांगून जातो. तेव्हा आधी एवढं बघा, तुमचा माणूस यातला कोण?

भरकटलेल्याकडे स्वतःच जावं. रविवारची ड्यूटी, सुदामानगरहून रेसिडेन्सीपर्यंतचं अंतर, अंथरुणाला खिळलेली सासू, हिंदी उपासनेत न रुळलेली आजी, कारणं बहुधा अशीच निघतात. तिथे थेट पाळकसाहेब पोचले तर घरच्यांना चौकशी आल्यासारखं वाटतं. तुम्ही गेलात तर गप्पा होतात, आणि उपायही तुमच्याच हातात असतो: गाडीत एक जागा, आजीजवळ बसून मराठीत केलेली प्रार्थना. याकोबाच्या पत्राचा शेवट (५:१९-२०) बहकलेल्याला माघारी आणण्याबद्दल आहे, आणि ते काम तिथे फक्त पाळकांवर सोपवलेलं नाही.

आजाऱ्याला घरी प्रभुभोजन हवं असेल, व्यसन असेल, घर मोडायला आलं असेल, तर पाळकांना सांगायलाच हवं, शक्यतो त्या माणसाला विचारून. प्रार्थनासभेत नाव घेऊन विनंती मांडणं मात्र टाळा. संध्याकाळपर्यंत ती गावभर होते. मत्तय १८:१५-१७ मध्ये आधी एकट्यानं, मग एकदोघांसह, शेवटी मंडळीपुढे असा क्रम आहे. तोही अपराधासाठी, नुसत्या गैरहजेरीसाठी नाही. आणि माणूस मंडळीतल्याच कुणामुळे दुखावला असेल, तर कमिटीचे लोक पाठवू नका. यहेज्केल ३४ मध्ये देव विखुरलेल्या मेंढरांना नाही, मेंढपाळांना जाब विचारतो. दुखावलेल्याकडे गेलात तर फक्त ऐकून घ्यावं, मंडळीची बाजू मांडू नये.

ठरवून गेलेल्यासाठी थांबणं योग्य. पण बापानं मुलाला दूर असतानाच पाहिलं, म्हणजे डोळे वाटेकडे होते. वाढदिवसाला फोन, दुःखाच्या प्रसंगी हजेरी, आणि वचनांचे फॉरवर्ड अजिबात नकोत. आपलं थांबणं पुष्कळदा नुसता संकोच असतो, म्हणून शंका असेल तर मी जाण्याच्याच बाजूनं आहे.

जाताना एकट्यानं किंवा जोडीनं जा. गलतीकरांस ६:१ सौम्यतेनं वागायला सांगतं आणि स्वतःलाही जपायला सांगतं. पाळकांच्या कानावर घालण्याआधीच जा. दारात ‘चर्चनं पाठवलं का?’ असं कुणी विचारलं, तर ‘नाही, मीच आलो’ असं खरं उत्तर देता येतं.