राऊला हातात पडलेली चिठ्ठी : इंदूर–महू १८५७ सहल

आधी कामाचे सांगतो. दर रविवारी सकाळी साडेसहाला इंदूरच्या रेसिडेन्सीजवळून (इंग्रज एजंटाची जुनी कोठी) गाडी निघते आणि दुपारी दोनच्या आत तिथेच परत सोडते. माणशी ८५० रुपये, त्यात राऊला पोहे, जिलेबी, चहा आणि महूला लिंबू सरबत. गाडी १२ जणांची, आम्ही ९ जण होतो. दोघांनी मिळून चालवलेली ही सहल आहे, मागे मोठी कंपनी नाही. माहिती सांगणारी मुलगी इंदूरच्याच मराठी घरातली. त्या दिवशी गाडीत सगळे मराठी निघाले, म्हणून तिने सगळे मराठीतच सांगितले. मी पाचपैकी पाच तारे देतो आहे. एका जागी मात्र माझे तिच्याशी पटले नाही, आणि मुख्यतः त्यासाठीच हे लिहायला बसलो.

मी तोफखान्यात २६ वर्षे काढली. महूला पहिल्यांदा १९९१ साली ज्युनियर कमांड कोर्सला आलो, तेव्हा आजच्या आर्मी वॉर कॉलेजला कॉलेज ऑफ कॉम्बॅट म्हणत. नकाशे, वाळूचे मॉडेल, जगभरच्या लढाया, सगळे झाले. पण याच छावणीत तोफखान्याचा एक कॅप्टन १८५७ च्या जुलैत महिनाभर किल्ल्याचे दार लावून बसला होता, हे मला तेव्हा कोणी सांगितले नाही. निवृत्तीनंतर इंदूरला घर केले आणि मग वाचत गेलो.

रेसिडेन्सी कोठीच्या आत नेत नाहीत, बाहेर झाडाखाली उभे करून सांगतात. १ जुलै, सकाळी आठचा सुमार. सआदत खान आणि होळकरांच्या फौजेतली माणसे रेसिडेन्सीवर चालून आली, तोफा सुरू झाल्या. होळकर दरबारातला इंग्रजांचा एजंट हॅमिल्टन रजेवर असल्याने त्याचे काम कर्नल ड्युरँड बघत होता. त्याच्या दिमतीला भोपाळ आणि महिदपूरच्या कंटिंजंटचे (संस्थानी खर्चाच्या, इंग्रज अधिकाऱ्यांच्या हाताखालच्या फौजेचे) लोक होते, भिल्ल पलटणीचे होते, पण बहुतेकांनी लढायला नकार दिला. कर्नल ट्रॅव्हर्स अवघ्या पाच स्वारांनिशी तोफांवर तुटून पडला. त्याला पुढे व्हिक्टोरिया क्रॉस मिळाला. दुपारच्या आत ड्युरँड बायकामुलांना घेऊन सिहोरच्या वाटेला लागला. मुलीने हे छान सांगितले, हातवारे न करता, आवाज न चढवता. कॉलर माइक मात्र खरखरत होता आणि सकाळच्या रहदारीत मागे उभ्या असलेल्यांना अर्धेच ऐकू येत होते. माइक बदला, एवढेच म्हणणे आहे.

सहलीतली सगळ्यात चांगली जागा राऊ, इंदूर–महू रस्त्यावरचे गाव. आपण एरवी राऊवरून जातो तेव्हा टोल, ट्रक आणि बायपास एवढेच दिसते. इथे गाडी बाजूला लावून पोहे हातात दिले (गरम, वर शेव आणि जिरावण, तक्रारीला जागा नाही), आणि खाऊन होताच तिने प्रत्येकाच्या हातावर एकेक घडी केलेली चिठ्ठी ठेवली. पेन्सिलीने लिहिलेली. ड्युरँडने त्या सकाळी महूला जी चिठ्ठी धाडली तिचा मराठी मजकूर : गोरी बॅटरी होईल तेवढ्या लवकर पाठवा, होळकरांनी आमच्यावर हल्ला केला आहे. बस, दोन ओळी. (बॅटरी म्हणजे तोफांची तुकडी, गोरी म्हणजे युरोपियन गोलंदाजांची.) इंदूरचे महाराज तुकोजीराव होळकर त्या वेळी बावीस वर्षांचे होते. हल्ला त्यांच्या हुकमाने झाला की त्यांची फौज हाताबाहेर गेली, हा वाद पुढे किती वर्षे चालला! पण ड्युरँडने घाईत लिहिलेल्या त्या ‘होळकरांनी’ या एका शब्दात निकाल आधीच लागून गेला होता. तो शेवटपर्यंत महाराजांवर विश्वास ठेवू शकला नाही.

ती चिठ्ठी मिळाल्यावर कॅप्टन हंगरफोर्ड तोफा घेऊन महूहून निघाला आणि राऊपाशी त्याला दुसरी चिठ्ठी मिळाली, ट्रॅव्हर्सची : आम्ही सिमरोळकडे मागे हटतो आहोत. सिमरोळ म्हणजे आज जिथे आयआयटी आहे ते. ज्यांना वाचवायला निघालो ते निघून गेले, पुढे बंड, मागे आपली छावणी आणि त्यात आपल्याच हिंदी पलटणी. तोफा उलट फिरवायच्या की नाही, हे रस्त्यात उभे राहून ठरवायचे. बॅटरी फिरवणे हे मोटार वळवण्यासारखे नसते. सहा-सहा घोड्यांच्या जोड्या, लिंबर (तोफ जोडायची दोन चाकी गाडी), दारूगोळ्याच्या गाड्या, आणि जुलैत माळव्याची काळी माती! रस्त्यावरून चाक खाली उतरले की संपले. मी बराच वेळ त्या रस्त्याच्या कडेला उभा होतो. ही म्हणाली, “अहो, चहा गार झाला.” मुलगी म्हणाली, “काका, घ्या सावकाश, मी थांबते.” ती खरेच थांबली, हे मला फार आवडले. बाकी सहलींत घड्याळ लावून हाकतात.

हंगरफोर्ड तोफा घेऊन परतला. संध्याकाळपासून तो म्हणत होता की बॅटरी किल्ल्यात घेऊ द्या. छावणीचा प्रमुख कर्नल प्लॅट, २३ व्या पलटणीचा कमांडिंग ऑफिसर, ऐकेना. माझी माणसे तसे करणार नाहीत, हेच त्याचे म्हणणे. अगदी उशिरा त्याने होकार दिला. रात्री दहाच्या सुमारास शिपायांच्या लाइनीत (राहायच्या जागेत) गोळ्या सुटल्या. प्लॅट आणि त्याचा ॲडज्युटंट फॅगन आपल्या जवानांना समजवायला घोड्यावरून लाइनीत गेले, आणि दोघेही तिथेच मारले गेले. रिसाल्याचा मेजर हॅरिसही त्याच रात्री पडला.

गाडीतले एक गृहस्थ म्हणाले, “म्हणजे तो कर्नल मूर्खच होता.” मला ते लागले. ज्याने पलटण सांभाळली आहे त्याला विचारा. तोफा किल्ल्यात नेणे म्हणजे आपल्या माणसांना तोंडावर सांगणे की माझा तुमच्यावर विश्वास नाही. सकाळी परेडवर सुभेदाराच्या डोळ्याला डोळा कसा द्यायचा? एकदा सांगितलेले परत घेता येत नाही. मी प्लॅटच्या जागी असतो तर काय केले असते, हे मला आजही सांगता येणार नाही. आणि त्या शिपायांचे काय चुकले होते? बंगाल आर्मीत बहुतेक अवध आणि बिहारची शेतकरी घरातली मुले. १८५६ साली अवधचे राज्य खालसा केलेले. १० मे रोजी मीरत उठले, ३ जूनला नीमच. त्या पलटणींत कोणाचा भाऊ, कोणाचा मामेभाऊ. उद्या त्यांच्यावरच गोळी झाडायचा हुकूम आला तर? ते परक्याच्या नोकरीत होते आणि त्यांना ते कळून चुकले होते. मुलीने काडतुसांबरोबर हेही सांगितले, त्याबद्दल तिचे मनापासून आभार.

आता माझा वाद. महूला लष्करी हद्दीत सहल जात नाही, ते योग्यच आहे. ती रस्त्याच्या कडेला थांबून फरशीवर खडूने किल्ल्याचा चौकोन काढते. किल्ला म्हणजे आपल्या डोळ्यांपुढे येतो तसा डोंगरी गड नव्हे, सपाटीवर भिंतीने बंद केलेले आवार, आत दारूगोळ्याचे कोठार. इथवर उत्तम. पण मग तिने “किल्ल्याला महिनाभर वेढा पडला आणि २ ऑगस्टला मदत आली” असे म्हणून महिना एका वाक्यात संपवला.

वेढा पडलाच नव्हता. हंगरफोर्डच्या तोफा सुरू होताच पलटणी त्या रात्रीच इंदूरकडे निघून गेल्या, आणि ४ जुलैला इंदूरहूनही पुढे गेल्या. लखनौच्या रेसिडेन्सीला जून अखेरीपासून नोव्हेंबरपर्यंत खरा वेढा होता, तिथला मुख्य अधिकारी लॉरेन्स त्यात ४ जुलैलाच गेला. झाशीला वेढा होता, आणि आतली हालहवाल आपल्याला वरसईच्या गोडसे भटजींमुळे मराठीत मिळते. महूच्या भिंतीबाहेर मात्र कोणी नव्हते. पण आतल्यांना ते कुठे ठाऊक होते?

मी एक हिवाळा काश्मीरात कुपवाड्याच्या वर एका पोस्टवर काढला आहे, मराठा कंपनीबरोबर, ओपी ऑफिसर (तोफांचा मारा कुठे करायचा ते पुढून बघून सांगणारा) म्हणून. साडेचार महिने रस्ता बंद. समोरून फार गोळीबार झाला असेही नाही. रॉकेलचे जेरीकॅन मोजायचे, पुन्हा मोजायचे. हेलिकॉप्टर आले की डाकेची थैली आधी, भाजी नंतर. साहेबाने रोज दाढी करायची, कारण जवान सकाळी पहिल्यांदा साहेबाचा चेहरा बघतात. रात्री कुत्रे भुंकले तरी सगळे उठून बसतात. अधिकाऱ्याचे कोंडलेले आयुष्य ते हेच, आणि या सहलीत नेमके तेच राहून जाते.

त्या जुलैत हंगरफोर्डकडे बघा. हुद्दा कॅप्टनचा. वरचे मारले गेलेले, ड्युरँड दूर निघून गेलेला. त्याने मार्शल लॉ पुकारला, किल्ल्यात शिधा भरला, आणि कोणी न सांगता तुकोजीरावांशी पत्रव्यवहारही स्वतःच सुरू केला : तुम्ही आमच्या बाजूचे की नाही? एवढा मोठा राजकीय प्रश्न एक तोफखान्याचा कॅप्टन विचारतो, कारण विचारायला दुसरे कोणी उरलेले नाही. मुंबईकडून निघालेली फौज औरंगाबादच्या बंडामुळे अडकलेली. भिंतीवर पाऊस. ती आज येईल की उद्या, की येणारच नाही? यावर दहा मिनिटे द्यायला हवीत.

हे मी मुलीला बाजूला घेऊन सांगितले. तिने वाद घातला नाही, वही काढून ‘वेढा नाही, ४ जुलै’ असे लिहून घेतले आणि विचारले, “काका, त्या पोस्टवर तुम्ही वेळ कसा घालवायचात?” परतीच्या वाटेवर मग मीच बोलत होतो.

शेवटचा थांबा एमवाय हॉस्पिटलच्या आवारातला. अमझेऱ्याच्या राणा बख्तावरसिंहांना १० फेब्रुवारी १८५८ रोजी इथे कडुनिंबाला फाशी दिले. सआदत खान १८७४ पर्यंत सापडला नाही, सापडला तेव्हा सतरा वर्षांनंतरही रेसिडेन्सीत फाशीच दिली. इथे तिने काही भाष्य केले नाही. आम्ही चपला काढून उभे राहिलो. बाजूने पेशंटचे नातेवाईक डबे घेऊन चालले होते.

ज्येष्ठांसाठी : चालणे एकूण दीड किलोमीटरच्या आत आहे, पण गाडीची पायरी उंच आहे, एक लाकडी पाट ठेवावा. टोपी आणि पाणी घरून न्या. पावसाळ्यात जाल तर राऊला चिखल असतो, पण तेच दिवस खरे आहेत. १ जुलैला खास फेरी काढणार आहेत, तिच्यात मी दोन जागा धरल्या आहेत, एक माझी आणि एक नातवाची.