जुनं मशीन, नवीन कर्नल: दुरुस्त करत बसायचं की एलटीएसवर मागे जायचं?

जुन्या लॅपटॉपवर लिनक्सचा कर्नल (हार्डवेअर चालवणारा सिस्टिमचा गाभा) अपडेट झाला आणि स्क्रीन काळी पडली, की दोन रस्ते उरतात, एकतर नवीन कर्नलच चालता करायचा नाहीतर जुन्या एलटीएस कर्नलवर (लाँग टर्म सपोर्ट, म्हणजे बरीच वर्षं दुरुस्त्या मिळणारा) परत जायचं. माझं मत आधीच सांगतो, मशीन रोजच्या कामाचं असेल तर एलटीएस. पण त्याआधी थोडा वेळ नवीनला द्या, कारण बरेचदा दोष कर्नलचा नसतोच.

आधी ग्रबच्या (मशीन सुरू होताना येणारा मेनू) अॅडव्हान्स्ड ऑप्शन्समधून मागचा कर्नल निवडा. त्यावर मशीन नीट चालू झालं तर रॅम, डिस्क बहुतेक ठीक आहे. मग नवीन कर्नलच्या बूट ओळीतून क्वाएट आणि स्प्लॅश (मेसेज लपवणारे शब्द) काढून टाका आणि मेसेज नेमके कुठे थांबतात ते बघा. रूट फाइलसिस्टिम (डिस्कचा सिस्टिम असलेला भाग) माउंट होत नाही, म्हणजे जोडली जात नाही, म्हणून पॅनिक (कर्नल जागीच थांबणं) येत असेल तर बूट पार्टिशन भरलंय का बघा, जुन्या इन्स्टॉलेशनमधे ते छोटं ठेवलेलं असतं आणि जागा संपली की इनिटरॅमएफएस (बूटच्या सुरुवातीला लागणारी फाइल) अर्धवटच बनते. दोन-तीन जुने कर्नल काढा (एक चालणारा मात्र ठेवा), इनिटरॅमएफएस परत बनवा, काम झालं.

खरी डोकेदुखी ग्राफिक्सची. एनव्हिडियाच्या जीफोर्स 8 आणि 9 सिरीजला लागणारा 340 ड्रायव्हर कंपनीने 2019 च्या शेवटी बंद केला, पण कर्नलचे आतले इंटरफेस बदलत राहतात, त्यामुळे नवीन कर्नलवर तो ड्रायव्हर कंपाइलच (त्या कर्नलसाठी तयारच) होत नाही आणि स्क्रीन काळी. लोक पॅच लावून चालवतात खरं, पण प्रत्येक अपडेटला तीच कटकट परत. इथे मागे जाऊनही फायदा नाही, कारण तो ड्रायव्हर सरळ चालायचा त्या काळातल्या 5.4 एलटीएसचा सपोर्ट 2025 च्या डिसेंबरमधे संपला. नूवो (एनव्हिडिया कार्डांचा मुक्त ड्रायव्हर) वापरा, गेम्स हळू चालतील, डेस्कटॉप आणि व्हिडिओला पुरेल. इंटेल किंवा जुनं रेडिऑन असेल तर ड्रायव्हर कर्नलमधेच असतो, त्यांना हा त्रास नाही, फक्त रेडिऑनचं फर्मवेअर पॅकेज टाकलंय ना ते बघा.

आणि बूट ओळीत नोमोडसेट (ग्राफिक्स ड्रायव्हर टाळणारा पर्याय) लावून डेस्कटॉप दिसला म्हणून ते कायमचं ठेवू नका प्लीज! त्याने ग्राफिक्सचा वेग जातो, सगळं सीपीयूच रंगवत बसतो आणि मग लोक म्हणतात नवीन कर्नल जड आहे. बिघाड ग्राफिक्समधे आहे एवढं कळण्यापुरतंच ते वापरायचं.

स्पीडसाठी मागे जायचा विचार असेल तर तोही सोडा. मेल्टडाउन-स्पेक्टर (सीपीयूतले सुरक्षेचे दोष) 2018 मधे बाहेर आलं, त्यावरचे वेग कमी करणारे पॅच सपोर्ट चालू असलेल्या एलटीएसमधेही आहेत. कोअर 2 ड्युओसारख्या सीपीयूत पीसीआयडी (हा फटका कमी करणारी सोय) नाही, म्हणून कर्नलमधे जाता-येता टीएलबी (मेमरीच्या पत्त्यांचा सीपीयूतला छोटा साठा) रिकामा होतो आणि फटका जास्त बसतो, कर्नल 5.15 असो की 6.12. मिटिगेशन्स (हेच पॅच) बंद करता येतात, पण ज्या मशीनवर ब्राउझर उघडणार तिथे मी कधीच करणार नाही.

नवीन कर्नल कुठे हवाच? नवीन हार्डवेअर जोडताना. रिअलटेकच्या बऱ्याच यूएसबी वायफाय डोंगलसाठी लागणारा आरटीडब्ल्यू88 या ड्रायव्हरचा यूएसबी सपोर्ट कर्नल 6.2 पासून आलाय, त्याआधी बाहेरचा ड्रायव्हर कंपाइल करत बसावं लागायचं. अशा वेळी नवीन कर्नलवर घातलेली मेहनत वसूल होते.

32 बिट सीपीयू असेल तर फार विचार करायला जागाच नाही. डेबियन (लिनक्सचं एक वितरण) 13 मधे 32 बिट पीसीसाठी कर्नल आणि इन्स्टॉलर दोन्ही नाहीत, डेबियन 12 घ्या, त्यात कर्नल 6.1 आहे आणि एलटीएस जून 2028 पर्यंत. 64 बिटवालेही एकाच कर्नलवर शांत राहायचं असेल तर तेच घेऊ शकतात. आर्च या वितरणावर लिनक्स-एलटीएस पॅकेज नेहमीच्या कर्नलशेजारी जरूर टाका, एक बिघडला तर दुसरा हाताशी राहतो, पण ते पॅकेजही काही काळाने पुढच्या एलटीएसवर उडी मारतं, तेव्हा अपडेट करताना आकडा बघूनच एंटर दाबा.