फ्रेंच आवाजांची कार्डं: नऊ महिन्यांच्या वापरानंतर

फ्रान्समध्ये लियों शहरात येऊन वर्ष होत आलं. त्यातले नऊ महिने ही कार्डं माझ्या स्वयंपाकघरातल्या फळीवर आहेत आणि रोज हाताळली जातात, म्हणून आता लिहायला हरकत नाही.

आधी वस्तू काय ती सांगते. पुठ्ठ्याच्या डबीत १२० छापील कार्डं. पुढे चित्र आणि फ्रेंच शब्द, मागे इंग्रजी प्रतिशब्द आणि क्यूआर कोड. तो मोबाइलने स्कॅन केला की शब्द ऐकू येतो. विषय एकच, घरात आणि रस्त्यावर कानावर पडणारे आवाज: दार, पाणी, भांडी, घड्याळ, गाड्या, जनावरं, शिंक, पोटातली गुडगुड. किंमत चौदा युरो.

घेण्याचं कारण साधं होतं. पुण्यात क्लास लावून शिकलेलं फ्रेंच ऑफिसात चालत होतं, घरात चालत नव्हतं. नळ गळतोय हे सांगता यायचं, कसा गळतोय हे सांगता यायचं नाही. आपण मराठी माणसं आवाजाशिवाय दोन वाक्यं बोलू शकत नाही. दूध भसकन उतू जातं, दार धाडकन लागतं, तो फटकन बोलून जातो, डोळ्यांत टचकन पाणी येतं. हे सगळं काढून घेतलं की बोलणं अळणी लागतं, आणि माझं फ्रेंच तसंच अळणी होतं.

पहिला महिना उच्चारात गेला. ‘तॉक तॉक’ म्हणजे दार ठोठावल्याचा आवाज, मागे इंग्रजीत ‘नॉक नॉक’. ‘तिक-ताक’ घड्याळाचा, मागे ‘टिक-टॉक’. मी इंग्रजी वाचून पुढचा शब्द म्हणायचे, त्यामुळे तोंडातून ‘टॉक टॉक’ निघायचं आणि शेजारच्या मादाम हसून दुरुस्त करायच्या. फ्रेंच ‘त’ आणि ‘द’ दातांना जीभ लावून, श्वासाचा झटका न देता म्हणायचे असतात, अगदी आपल्या ‘ताक’ आणि ‘दही’मधल्यासारखे. इंग्रजी शब्द आला की आपण सवयीनं ‘ट’ लावतो आणि तिथंच घसरतो. अग्निशमन दलाच्या गाडीचा आवाज ‘पॅं-पों’. इंग्रजी बाजूला ‘नी-नॉ’ लिहिलंय. तो ब्रिटनमधला शब्द, मी जन्मात कधी वापरला नव्हता. पण नाकातून ‘पॅं’ आणि ‘पों’ म्हणणं आपल्याला कुणी शिकवायला लागत नाही, आपल्या गाड्यांचे भोंगे लहानपणापासून पोंपोंच करतात. बदकाचं ‘क्वॅं-क्वॅं’, गाढवाचं ‘ई-आँ’ हेही तसंच. मग मी नियमच केला: कार्ड उलटायच्या आधी शब्द देवनागरीत लिहून मोठ्यानं म्हणायचा. उच्चार तिथून सुधारायला लागले. घशातला ‘र’ मात्र अजून जमत नाही. मांजराचं ‘रोंरों’ म्हणताना आजही अडखळते.

जानेवारीतली एक गोष्ट सविस्तर सांगते, कारण या कार्डांबद्दलचं माझं मत तिच्यामुळे बदललं.

आमच्या घरातला रेडिएटर रात्री वाजायला लागला. टक्... टक्... टकटक, मग बराच वेळ शांत, मग पुन्हा. झोप लागेना. हीटिंग बघणाऱ्या कारागिराला फोन केला. इंग्रजीत पाइप ‘नॉक’ करतात असं म्हणतात हे मला ठाऊक होतं, आणि कार्डानं शिकवलं होतं की ‘नॉक’ म्हणजे ‘तॉक तॉक’, क्रियापद ‘फ्रापे’. म्हणून मी म्हटलं, "ल रादिआतर फ्राप." पलीकडे जरा शांतता. मग त्यांनी विचारलं, "की फ्राप?" म्हणजे कोण ठोठावतंय? त्यांना वाटलं, फोन चालू असताना माझ्या दारात कुणी आलंय.

दोनतीनदा असंच झालं. शेवटी मी शब्द सोडून दिले आणि फोनवर जिभेनं आवाजच काढून दाखवला: टक्... टक्... टकटक. ते लगेच म्हणाले, "आ, सा क्लाक!" म्हणजे टकटक वाजतंय होय! आणि पुढचा प्रश्न, "ए सा फे ग्लूग्लू?" म्हणजे बुडबुड पण होतंय का? होत होतं. दुसऱ्या दिवशी ते आले, रेडिएटरच्या टोकाचा छोटा स्क्रू चावीनं सैल केला, आतली हवा सूं करत निघून गेली, पाण्याचे थेंब आले की पुन्हा घट्ट केला. काम करता करता त्यांनी मला समजावलं. ‘ग्लूग्लू’ म्हणजे आत हवा साठलीय, ती काढायची. ‘क्लाकमाँ’ म्हणजे तापलेले पाइप प्रसरण पावतात आणि आधाराला घासून सुटतात, त्यात धोका नाही. शिट्टीसारखा ‘सिफ्लमाँ’ असेल तर बहुतेक व्हॉल्व्ह बघायचा. आणि नळ झटकन बंद केल्यावर भिंतीत धाडकन आवाज होतो त्याला ‘कू द बेलिए’ म्हणतात, शब्दशः मेंढ्याची धडक. चारही आवाजांचं कारण निराळं, उपाय निराळा आणि शब्दही निराळा. कार्डांवर यातले दोनच होते, आणि ‘ग्लूग्लू’ फक्त बाटलीतून पाणी ओतल्याचं चित्र काढून दिलं होतं.

त्या संध्याकाळी मी सगळी १२० कार्डं जमिनीवर मांडली आणि मागच्या इंग्रजी शब्दांवर पांढरी पट्टी चिकटवून त्यावर मराठी लिहायला बसले. तेव्हा लक्षात आलं की गोंधळ फ्रेंचमध्ये नव्हता, मधल्या पुलात होता.

‘रंबल’ हा एक इंग्रजी शब्द दोन कार्डांच्या मागे होता. एकीकडे ढग, तिकडे फ्रेंच क्रियापद ‘ग्रोंदे’. दुसरीकडे पोट, तिकडे ‘गार्गुये’. इंग्रजीतून पाठ केल्यामुळे मी दोन्हींची अदलाबदल करायचे. मराठी लिहिताना क्षणही लागला नाही. ढग गडगडतात, पोट गुडगुडतं. ‘ग्रोंदे’चा दुसरा अर्थ रागावणं, तोही आपल्या गरजण्याशेजारी सहज बसला. ‘क्रोक’चं तेच. कावळ्याला फ्रेंचमध्ये ‘क्रोआसे’, बेडकाला ‘कोआसे’, एका ‘र’चा फरक. इथली शाळकरी मुलंसुद्धा यात चुकतात. इंग्रजी बाजूला दोन्हीकडे ‘क्रोक’ छापलेलं. मी एकावर कावकाव लिहिलं, दुसऱ्यावर डराँव डराँव, आणि ‘र’ कावळ्याचा हे डोक्यात पक्कं झालं.

उलटंही आहे. ‘क्लाके’ या एका क्रियापदासाठी इंग्रजीत पाच शब्द लागतात: दार आदळतं त्याला एक, थंडीनं दात वाजतात त्याला दुसरा, चुटकीला तिसरा, जिभेला चौथा, चाबकाला पाचवा. कार्डावर फक्त ‘स्लॅम’ दिलंय, म्हणून रेडिएटरच्या वेळी तो शब्द मला सुचलाच नाही. मराठी पट्टी लिहिताना मी थबकले, कारण माझ्याकडे एकच शब्द होता, ‘वाजणे’. दार वाजतं, दात वाजतात, चुटकी वाजते, टाळ्या वाजतात, पाइप वाजतो. आणि थंडीसुद्धा वाजते! लियोंच्या जानेवारीत हे फार जवळून कळलं. पायातल्या सपाता चालताना फटक फटक करतात, त्यांना इथं ‘क्लाकेत’ म्हणतात, आणि दमून गळून गेलेला माणूस बोलीत ‘क्लाके’ असतो. हे दोन्ही शब्द रोज ऐकू येतात, कार्डात नाहीत.

सगळ्यात मोठा फायदा झाला तो शब्दांच्या घडणीचा. इंग्रजीत ‘क्लिक’ हाच आवाज, हेच नाम, हेच क्रियापद. फ्रेंच असं करत नाही. आवाज सुटा असला तर त्याला ‘फॅर’ म्हणजे ‘करणे’ जोडायचं: पाण्यात पडून ‘प्लूफ’ करणे, जसं आपण डुबुक करतो. क्रियापद हवं तर वेगळं रूप, आणि नाम हवं तर शेवटी ‘-माँ’ किंवा ‘-ई’: क्लाकमाँ, ग्रॅंसमाँ (करकर), क्लापोती (पाण्याची चुबुकचुबुक), क्लिकती (खणखण). आपलंही असंच चालतं: खडखड, खडखडणे, खडखडाट. हा साचा दिसल्यावर मी कार्डं सुटी पाठ करणं थांबवलं आणि कुटुंबं लावली. तीन महिन्यांत जितकं झालं नव्हतं तितकं पुढच्या तीन आठवड्यांत झालं. ‘सा क्लाक’, ‘सा सिफ्ल’, ‘सा ग्रॅंस’ ही वाक्यंसुद्धा मला आपलीच वाटतात. वाजतंय, शिट्टी मारतंय, करकरतंय. काय वाजतंय ते मागाहून सांगता येतं.

प्रत्येक ठिकाणी मराठी जुळते असं नाही. ‘ग्रेझिये’ हा शब्द तव्यावरच्या लोण्यालाही लागतो आणि खराब फोनलाही. आपण चरचर आणि खरखर वेगळे ठेवतो. फोडणीतल्या मोहरीचं तडतडणं मी ‘क्रेपिते’च्या कार्डावर लिहिलंय, खरं तर ते शेकोटीचं कार्ड आहे, पण इथल्या मैत्रिणीला मी फोडणी करून दाखवली तेव्हा तिनं हाच शब्द वापरला.

आता कार्डांतल्या उणिवा. १२० पैकी ३४ जनावरांची आहेत, मोठ्या माणसाला एवढी लागत नाहीत. त्यातही शब्दाचा वापर सांगितलेला नाही. ‘कोकोरिको’च्या मागे कोंबड्याच्या आरवण्याचा इंग्रजी शब्द छापून सोडून दिलंय. पण फ्रेंच माणूस ‘कोकोरिको!’ म्हणतो ते देशाचा अभिमान दाखवताना, खेळाडूनं सुवर्णपदक जिंकलं की. लॅटिनमध्ये ‘गालुस’ म्हणजे कोंबडा आणि गॉल देशाचा, म्हणजे प्राचीन फ्रान्सचा, माणूसही, तिथून कोंबडा फ्रान्सचं चिन्ह झाला. या देशात हे प्रकरण कोर्टापर्यंतही गेलंय. ओलेरों बेटावरचा मोरिस नावाचा कोंबडा पहाटे आरवतो म्हणून सुट्टीला येणाऱ्या शेजाऱ्यांनी दावा लावला, आणि सप्टेंबर २०१९ मध्ये रोशफोरच्या न्यायालयानं निकाल कोंबड्याच्या बाजूनं दिला. जानेवारी २०२१ मध्ये खेड्यापाड्यांतले आवाज आणि वास यांना वारसा मानणारा कायदाही झाला. असं काही दोन ओळींत कार्डावर आलं असतं तर शब्द जन्मभर लक्षात राहिला असता.

एक चूक तर सरळ चूक आहे. मृत्यूच्या घंटेला ‘ग्ला’ म्हणतात, तो शब्द आवाजावरून आलेला म्हणून संचात घातलाय. सोस्यूर या भाषाशास्त्रज्ञानं नेमकं हेच उदाहरण खोडून काढलंय. त्याच्या मृत्यूनंतर १९१६ मध्ये छापल्या गेलेल्या व्याख्यानांत तो दाखवतो की ‘ग्ला’ हा लॅटिनमधल्या तुतारीच्या ‘क्लासिकुम’वरून आला आणि चाबकाचा ‘फुए’ बीच झाडाच्या ‘फागुस’वरून. कानाला घंटेसारखा वाटतो म्हणून घंटेतून जन्मला असं होत नाही. शिकणाऱ्याच्या हातात देताना एवढी काळजी घ्यायला हवी होती.

ध्वनिमुद्रणाबद्दल थोडक्यात: निम्मे आवाज यंत्राचे वाटतात, आणि सहाव्या महिन्यापासून वीसेक कोड उघडतच नाहीत. प्रकाशकाला दोनदा लिहिलं, उत्तर आलं नाही. कागद आणि छपाई चांगली आहे, फोडणीचे डाग पुसले जातात.

घ्यावीत का? फ्रेंचची पहिली एकदोन पुस्तकं झाली असतील आणि फ्रान्समध्ये घर लावायचं असेल तर जरूर घ्या, पण पहिल्याच दिवशी इंग्रजी बाजूवर पट्टी लावा. कोऱ्या कार्डांची एक गड्डीही सोबत आणा. माझी आता १५७ कार्डं झालीत, ३७ हातानं लिहिलेली.

त्यातलं सगळ्यात आवडतं कार्ड या शहराचं आहे. मी राहते तो क्रुआ-रूस भाग रेशमाच्या विणकरांचा, त्यांना ‘कानु’ म्हणतात. जुन्या घरांची छतं चार-चार मीटर उंच आहेत, कारण जाकारचा, म्हणजे नक्षी विणणारा जॅकार्ड माग तेवढा उंच असायचा. मागाच्या आवाजाला इथं ‘बिस्ताँक्लाक-पाँ’ म्हणतात आणि त्यावरून मागालाच ‘बिस्ताँक्लाक’ नाव पडलं. मी इचलकरंजीची. आमच्या घरामागच्या शेडमध्ये चार यंत्रमाग होते. लहानपणी लाइट गेली की गल्लीतली खटॅक-खटॅक एकदम थांबायची आणि त्या शांततेनं झोपेतून जाग यायची. एप्रिलमध्ये इथल्या कानुंच्या संग्रहालयात चालता माग पाहिला, तेव्हा विणणाऱ्या बाईंनी एकेक अवयव म्हणून दाखवला, बिस्, ताँ, क्लाक, पाँ, आणि माझे पाय तिथून हलेनात.

मोबाइलवर आवाज टिपून बाबांना पाठवला. काही सांगितलं नव्हतं, नुसता आवाज. पाच मिनिटांत त्यांचा फोन आला: "हातमाग आहे ना हा? धोटा जरा सावकाश जातोय बघ."