एकामागे एक दोन सी-१८ कॉलम: काही महिन्यांच्या वापरानंतर

लिक्विड क्रोमॅटोग्राफीत (द्रवाच्या प्रवाहात मिश्रणातले घटक वेगळे करण्याच्या पद्धतीत) मुख्य पीकला, म्हणजे आलेखावरच्या मुख्य घटकाच्या शिखराला, चिकटून येणारी एक अशुद्धी सुटी करायची होती. १५० मिमी लांब, ४.६ मिमी व्यासाच्या, २.७ मायक्रॉन सॉलिड-कोअर (गाभा भरीव, बाहेरचा थर सच्छिद्र) कणांच्या सी-१८ कॉलमवर (१८ कार्बनच्या साखळ्या जोडलेल्या कणांनी भरलेल्या नळीवर) रिझोल्यूशन (दोन पीक किती सुटे झाले याचं माप) १.१ च्या आसपास अडकलं होतं. पीएच, तापमान, ॲसिटोनायट्राइलचं प्रमाण, सगळं बदलून पाहिलं. शेवटी तसाच दुसरा कॉलम मागे जोडला. आयसोक्रॅटिक रनमध्ये (द्रवाचं मिश्रण शेवटपर्यंत तेच ठेवून) रिझोल्यूशन दीडच्या थोडं वर गेलं आणि आजही तिथेच टिकून आहे.

याहून जास्त मिळत नाही, हे धरूनच चालावं. लांबी दुप्पट केली की प्लेट्स (कॉलमची वेगळं करण्याची क्षमता मोजायचा आकडा) दुप्पट होतात, पण रिझोल्यूशन त्यांच्या वर्गमुळाच्या हिशेबाने, म्हणजे १.४ पटच वाढतं. ते दुप्पट हवं असेल तर चार कॉलम लागतील. वेळ आणि दाब मात्र पहिल्या जोडणीतच दुप्पट होतात. पीकची उंचीही सुमारे ३० टक्के घटते, त्यामुळे अगदी कमी प्रमाणातली अशुद्धी मोजत असाल तर सिग्नल-टू-नॉइज (पीकची उंची आणि पार्श्वभूमीची थरथर यांचं गुणोत्तर) पुन्हा तपासा. आणि दोन्ही पीक मुळातच एका जागी येत असतील, तर कितीही कॉलम जोडून काही होणार नाही. तिथे पॅकिंगच (कॉलममध्ये भरलेला पदार्थच) वेगळं हवं.

सगळी मदार दोन कॉलममधल्या जोडावर आहे. ०.१२ मिमी आतल्या व्यासाची १० सेमी नळी जेमतेम १.१ मायक्रोलिटर जागा घेते, ०.२५ मिमीची जवळपास ५. नळीचं टोक पोर्टच्या (कॉलमच्या तोंडाच्या खाचेच्या) तळाला टेकलंच पाहिजे. फट राहिली की तिथे द्रव घोळतो आणि लवकर येणारे, मुळात अरुंद असलेले पीक आधी पसरतात. स्टीलचा फेरूल (नळीवर आवळून बसणारी कडी) एका पोर्टच्या खोलीवर एकदा आवळला गेला की दुसऱ्या कंपनीच्या कॉलमला नीट बसेलच असं नाही. मी दोन्ही कॉलमचा प्लेट काउंट आधी स्वतंत्र घेते. जोडल्यावरचा आकडा त्या बेरजेच्या बराच खाली आला, तर आधी जोड उघडून पाहते.

पंप ४०० बार दाबापर्यंतचाच असल्याने फ्लो थोडा उतरवला आणि ओव्हन ४५ अंशांवर ठेवला. मिथेनॉल-पाण्याचं मिश्रण बरंच घट्ट, दाब वाढवणारं, म्हणून त्याच्या वाटेला गेले नाही. गार्ड (घाण अडवणारा छोटा कॉलम) फक्त पहिल्या कॉलमच्या पुढे लावते. सगळी घाण तिथेच अडते, दुसरा कॉलम नव्यासारखा राहतो.

ग्रेडियंट असेल (रन चालू असताना द्रवाचं मिश्रण बदलत जात असेल) तर त्याचा वेळ, सुरुवातीचा होल्ड (मिश्रण स्थिर ठेवण्याचा वेळ) आणि शेवटचं री-इक्विलिब्रेशन (कॉलम पुन्हा सुरुवातीच्या मिश्रणावर आणणं), तिन्ही दुप्पट करा. नाहीतर ग्रेडियंट तीव्र होतो आणि लांबीचा बराचसा फायदा वाया जातो.

फार्माकोपियाची (औषधांच्या अधिकृत मानकग्रंथाची) पद्धत वापरणाऱ्यांनी जपून. यूएसपीच्या (अमेरिकेच्या फार्माकोपियाच्या) ६२१ व्या प्रकरणात लांबी आणि कणाच्या आकाराचं गुणोत्तर जास्तीत जास्त ५० टक्के वाढवता येतं. तोच कॉलम दोनदा लावला तर वाढ १०० टक्के होते, म्हणजे व्हॅलिडेशन (पद्धत विश्वासार्ह असल्याची सिद्धता) नव्याने करावं लागतं.