काळ्या ठिपक्याने खरं सांगितलं: टेलर के-२००६ पाणी-तपासणी पेटी

पाचपैकी साडेचार तारे. घरी पोहण्याचा तलाव असेल आणि त्यात टीसीसीएच्या (क्लोरीन सोडणाऱ्या) गोळ्या पडत असतील, तर क्लोरीनचा पुढचा डबा घेण्याआधी ही पेटी घ्या. मी दोन वर्षं उशिरा घेतली. त्यापायी माझ्या आईचे तीन महिने वाया गेले, म्हणून हे सविस्तर लिहिते आहे.

आमचं घर सोलापूरच्या बाहेर, अक्कलकोट रस्त्याला. आईचे दोन्ही गुडघे झिजलेत. फिजिओथेरपिस्टनी पाण्यात चालायला सांगितलं, तेव्हा आम्ही अंगणात ८ मीटर लांब, ४ मीटर रुंद तलाव बांधला. खोली सरासरी १.३ मीटर, म्हणजे पाणी साधारण ४० हजार लिटर. देखभालीला एक माणूस आठवड्यातून दोनदा यायचा, तरंगत्या डबीत टीसीसीए ९० च्या गोळ्या भरायचा, फिल्टरला बॅकवॉश द्यायचा, म्हणजे उलटं पाणी सोडून तो धुवायचा, आणि जायचा. दोन उन्हाळे पाणी छान राहिलं.

तिसऱ्या वर्षी मार्चमध्ये पाणी हिरवट झालं. देखभालीच्या माणसाच्या दोन बाटल्यांच्या तपासणी-किटमध्ये क्लोरीनचा रंग गडद पिवळा यायचा, म्हणजे क्लोरीन भरपूर. तरी शेवाळ हटेना. त्याने आणखी टीसीसीए टाकलं, शेवाळनाशक टाकलं, तुरटी फिरवली. चार दिवस पाणी निवळायचं, पाचव्या दिवशी भिंती पुन्हा बुळबुळीत. आईला मी पाण्यात उतरू देईना. आठवड्याभरात तिचं जिना चढणं बंद झालं.

मी २९ वर्षं शाळेत विज्ञान शिकवलं आहे. क्लोरीन आहे आणि शेवाळही आहे, हे मला पटत नव्हतं. टीसीसीएच्या डब्यावरचं रासायनिक नाव वाचलं, ट्रायक्लोरोआयसोसायन्युरिक ॲसिड, आणि तिथेच उलगडा झाला. ही गोळी विरघळते तेव्हा क्लोरीन सुटतो आणि सायन्युरिक ॲसिड मागे उरतं. त्यालाच स्टॅबिलायझर म्हणतात. थोडं असलं तर ते उपकारक, कारण त्याच्याशिवाय सोलापूरच्या उन्हात क्लोरीन तासाभरात निम्म्याहून कमी होतो. ३० ते ५० पीपीएम (दहा लाख भागांत तितके भाग) पुरे. पण वाढत गेलं की तेच क्लोरीनला मुठीत धरून ठेवतं. तपासणीत क्लोरीन दिसतो, कारण धरलेलाही मोजला जातो. शेवाळ मारायला मात्र मोकळा फार थोडा उरतो. क्लोरीन उन्हाने जातो, पाणी वाफ होऊन जातं, सायन्युरिक ॲसिड कुठेच जात नाही. सँड फिल्टर ते अडवत नाही. आणि आमच्याकडे पावसापेक्षा बाष्पीभवन कितीतरी जास्त. माझ्या मावसबहिणीचा तलाव रायगडमधल्या कर्जतला आहे. तिथे पावसाळाभर तलाव ओसंडत राहतो आणि पाणी आपोआप बदलतं, त्यामुळे त्याच गोळ्या वापरूनही तिला हा त्रास कधी झाला नाही.

आता पेटीबद्दल. आधी मी स्वस्त पट्ट्या आणल्या होत्या. पट्टीचा रंग तक्त्यातल्या शेवटच्या रंगापेक्षाही गडद आला. म्हणजे १०० च्या वर, पण किती वर? ११० की ३००? पाणी किती उपसायचं ते त्याच आकड्यावर ठरणार होतं.

या पेटीतली सायन्युरिक ॲसिडची चाचणी साधी आहे आणि मला ती फार आवडली. बाटलीत ७ मिलिपर्यंत तलावाचं पाणी, वर १४ मिलिपर्यंत आर-००१३ हे द्रावण. त्यात मेलामाइन असतं. अर्धा मिनिट हलवलं की पातळ ताकासारखं गढूळ होतं. नळीच्या तळाशी काळा ठिपका आहे. वरून बघत गढूळ द्रावण हळूहळू ओतायचं, ठिपका दिसेनासा झाला की थांबायचं आणि पातळीसमोरचा आकडा वाचायचा. सायन्युरिक ॲसिड जितकं जास्त, तितका ठिपका लवकर बुडतो. बाहेर, उन्हाकडे पाठ करून, नळी कमरेच्या उंचीवर धरून बघा. घरात ट्यूबलाइटखाली मी केलं तेव्हा आकडा भलताच आला.

आमचा ठिपका १०० च्या खुणेआधीच बुडाला. अशा वेळी पाणी पातळ करायचं. एक भाग तलावाचं आणि तीन भाग स्वयंपाकघरातल्या फिल्टरचं पाणी घेतलं, ५५ आलं. गुणिले चार, २२०. मी जुनी बिलं काढली. दोन वर्षांत २० किलो टीसीसीए गेलं होतं. ४० हजार लिटरमध्ये दर किलोमागे जवळजवळ १४ पीपीएम सायन्युरिक ॲसिड वाढतं, म्हणजे २८० च्या आसपास. बॅकवॉशमध्ये आणि अंगावरच्या पाण्याबरोबर बाहेर गेलेलं वजा केलं, तर २२० अगदी जुळतं. त्या संध्याकाळी मी वही घेऊन आईशेजारी बसले आणि तिला सगळा हिशेब समजावून सांगितला.

अर्धा तारा का कापला तेही सांगते. ठिपका ‘गेला’ हे शेवटी डोळ्यांवर ठरतं. मला ५५ दिसलं, नातीला ६०, मुलाला ५०. १०० च्या बाजूला खुणा दाटीने आहेत, तिथे चूक आणखी मोठी होते. तीन वेळा करून सरासरी घ्या. क्लोरीनची चाचणी मात्र निर्विवाद आहे. पूड टाकली की पाणी गुलाबी होतं, मग थेंब मोजत रंग घालवायचा. १० मिलि पाण्याला एक थेंब म्हणजे अर्धा पीपीएम. रंगांची तुलनाच नाही. माझ्यासारख्या मोतीबिंदूचं ऑपरेशन झालेल्या माणसाला हे मोठं सुख आहे.

सायन्युरिक ॲसिड कमी करायचा घरगुती उपाय एकच, पाणी बदलणं. एकदम ४४ वर आणायचं तर ८० टक्के, म्हणजे ३२ हजार लिटर ताजं पाणी लागलं असतं. आमच्या भागात नळाला चार-पाच दिवसांनी पाणी येतं. अशा मे महिन्यात तलावासाठी टँकरची रांग लावणं मला जमलं नाही, जमायलाही नको होतं. आम्ही पावसाची वाट पाहिली.

जूनअखेर निम्मं पाणी उपसलं. क्लोरीन शून्यावर आल्याची खात्री करून ते लिंबाला आणि नारळांना दिलं, भाजीला नाही. गच्चीच्या पाइपाला जाळी आणि कापड लावून पावसाचं पाणी तलावात सोडलं, पहिल्या पावसाचं फेकून दिलं. सप्टेंबरमध्ये पुन्हा तेच. तेव्हा निम्म्याच्या खाली अजिबात गेलो नाही, कारण आमची काळी माती भिजली की फुगते, आणि जमिनीतल्या पाण्याच्या दाबाने रिकामा तलाव वर उचलला जाऊ शकतो. दुसऱ्या खेपेला थोडं कमी पडलं, एक टँकर घ्यावा लागला. पावसाच्या पाण्यात क्षारता, म्हणजे पाणी एकदम आम्लधर्मी होऊ न देणारा गुण, जवळजवळ नसते. तीही याच पेटीत मोजली आणि खायचा सोडा घातला.

आकडे असे: २२०, मग १२०, मग ६०.

गोळ्या बंद केल्या. आता रोज संध्याकाळी सव्वा लिटर द्रव हायपोक्लोराइट (पातळ क्लोरीन), १० टक्क्यांचं. त्याने सायन्युरिक ॲसिड वाढत नाही. उन्हात ते लवकर निकामी होतं, म्हणून एका वेळी पंधरा दिवसांपुरतंच आणते आणि सावलीत ठेवते. उरलेलं टीसीसीए वेगळ्या खोलीत, वेगळ्या मापासकट ठेवलं आहे. ही दोन रसायनं एकत्र आली तर आग किंवा स्फोट होऊ शकतो, हे घरातल्या प्रत्येकाला दोनदा सांगितलं आहे.

दर महिन्याच्या एक तारखेला मी ठिपका बघते. ऑक्टोबरात ६०, नोव्हेंबरात ६०. आर-००१३ ची बाटली संपत आली आहे, नवी मागवली. आई सकाळी नऊला पाण्यात उतरते, कठड्याला धरून वीस फेऱ्या चालते. काल जिन्याने गच्चीवर आली आणि पाइपाचं कापड बदलायला हवं म्हणाली.