इनस्क्रिप्ट की फोनेटिक : रोज मराठी टंकणाऱ्याने काय निवडावे

संगणकावर मराठी लिहिण्यासाठी इनस्क्रिप्ट ही देवनागरी अक्षरांची कळफलक-मांडणी शिकावी की रोमन अक्षरांतून मराठी उमटवणाऱ्या फोनेटिकवरच भागवावे, हा प्रश्न मला वर्षातून दोन-चार वेळा तरी विचारला जातो. विचारणाऱ्यांत नव्याने नोकरीला लागलेले प्रोग्रामर असतात, तालुक्याच्या गावाहून बातम्या पाठवणारा एखादा मित्र असतो आणि गेल्या वर्षी तर खुद्द माझ्या मेहुण्यानेच विचारले. मी स्वतः सहा वर्षे फोनेटिक वापरले आणि गेली चार वर्षे इनस्क्रिप्ट वापरतो आहे, त्यामुळे दोन्हींची बाजू थोडीफार मांडता येईल असे वाटते. विंडोजमध्ये मराठी कशी जोडावी, युनिकोड म्हणजे काय, या गोष्टी वाचकाला ठाऊक आहेत असे धरून चालतो.

माझे काम काय, हे सांगितल्याशिवाय माझी आवडनिवड समजणार नाही. छत्रपती संभाजीनगरात बसून मी जिनिंगसाठी, म्हणजे कापसातली सरकी वेगळी काढणाऱ्या कारखान्यांसाठी, आणि आडत दुकानांसाठी हिशेबाचे सॉफ्टवेअर लिहितो. काट्याची पावती, कापसाची आवक, उचल, पट्टी, असा तो सगळा मामला असतो. प्रोग्राम इंग्रजीत लिहिला जातो, पण पडद्यावर आणि कागदावर जे दिसते ते सगळे मराठीत लागते, कारण ते वाचणारा माणूस सेलूचा, मानवतचा किंवा वसमतचा असतो. म्हणजे दिवसभरात मी इंग्रजीतून मराठीत आणि मराठीतून इंग्रजीत किती वेळा ये-जा करतो, याची मोजदाद मी ठेवलेली नाही. पण ती आपल्या बसस्थानकावरच्या वर्दळीइतकी तरी नक्कीच असेल.

फोनेटिकच्या बाजूचे सर्वांत मोठे बलस्थान हे की ते पहिल्याच दिवशी हाती येते. इंग्रजी कळफलक बोटांना पाठ असतोच. मराठी शब्द रोमन अक्षरांत लिहायचा आणि तो देवनागरीत उमटतो, एवढेच शिकायचे असते. २०१९ साली मायक्रोसॉफ्टने विंडोज १० मध्येच मराठीसह दहा भारतीय भाषांचे फोनेटिक कळफलक दिले, तेव्हापासून वेगळे साधन उतरवून घेण्याचीही गरज उरलेली नाही. नेहमीच्या वापरातले शब्द ते फार छान ओळखते. ‘शेतकऱ्यांना’ हा शब्द घाईघाईत, स्वर गाळून लिहिला तरी बहुतेक वेळा तो बरोबर येतो, याचे मला आजही कौतुक वाटते. ज्याला दिवसाला चार निरोप आणि महिन्याला एखादा अर्ज लिहायचा आहे, त्याने पुढचे काही वाचले नाही तरी चालेल.

इनस्क्रिप्टची गोष्ट जुनी आहे. केंद्र सरकारच्या इलेक्ट्रॉनिक्स विभागाने ही मांडणी १९८६ साली ठरवली आणि १९९१ साली भारतीय मानक ब्युरोच्या मानकात तिचा समावेश झाला. पाहणाऱ्याला ती प्रथम विचित्र वाटते, पण तिच्यामागे जो विचार आहे तो बाराखडी शिकलेल्या कोणालाही पटावा असा आहे. डाव्या हाताकडे स्वर आणि काने-मात्रा, उजव्या हाताकडे बहुतेक व्यंजने. क आणि ख एकाच कळीवर, ग आणि घ एकाच कळीवर, महाप्राण हवा असेल तर शिफ्ट दाबायची. मात्रेच्याच कळीवर शिफ्ट दाबली की तिचा पूर्ण स्वर येतो. पाय मोडण्याचे चिन्ह डाव्या हाताच्या मधल्या बोटाखाली, म्हणजे डीच्या कळीवर, असते आणि मराठीत जोडाक्षरे किती येतात ते पाहता ती जागा विचारपूर्वकच दिली असावी. शिवाय ही मांडणी भारतातल्या इतर लिप्यांनाही जवळजवळ तशीच लागू पडते. माझ्या शेजारी बसणारा सहकारी धर्माबादचा आहे, त्याच्या घरी तेलुगू बोलतात. मराठीसाठी बसलेली त्याची बोटे तेलुगू लिहितानाही त्याच कळींवर पडतात. त्याला मराठीचा क जेथे सापडतो, तेथेच तेलुगूचाही सापडतो. हा लाभ आपल्याला लागू नसेल, पण सीमेवरच्या माणसाला तो थोडा नव्हे.

शिकण्याचा त्रास मात्र खरा आहे, तो लपवण्यात अर्थ नाही. मी दिवाळीच्या सुट्टीत सुरुवात केली आणि पहिले आठ दिवस मला माझे नावही धड टंकता येत नव्हते. कळफलकावर चिकटवायची देवनागरी स्टिकरे आणली होती. ती दोन महिन्यांत कडांनी उचलू लागली आणि घामाने काळी पडली, पण तोवर त्यांची गरज संपली होती. रोज अर्धा तास सराव केला तर पंधरा दिवसांत कामापुरते आणि दोन-तीन महिन्यांत न पाहता जमते, असा माझा अनुभव. ज्यांनी टायपिंगच्या क्लासमध्ये रेमिंग्टन ही टंकलेखन यंत्राची जुनी मांडणी शिकून परीक्षा दिली आहे त्यांना कदाचित जास्त वेळ लागेल, कारण त्यांच्या बोटांना आधी जुने विसरावे लागते.

आणि प्रोग्राम लिहिणाऱ्याला इनस्क्रिप्टचा एक खास जाच आहे. या मांडणीत विरामचिन्हांच्या कळींवरही अक्षरे बसवलेली आहेत. इंग्रजीत जेथे अर्धविराम असतो तेथे च आहे, अवतरणचिन्हाच्या जागी ट आहे, चौकटी कंसाच्या जागी ड आहे. मराठी मजकूर लिहून झाल्यावर भाषा बदलायला विसरलो की ओळीच्या शेवटी अर्धविरामाऐवजी निमूटपणे ‘च’ येऊन बसतो आणि प्रोग्राम चालत नाही. सुरुवातीच्या दिवसांत असे इतक्या वेळा झाले की धर्माबादकर मला ‘च’कार म्हणू लागला होता. प्रश्नचिन्हासाठीही मला इंग्रजीत यावे लागते, कारण त्या कळीवर य ठाण मांडून बसला आहे. फोनेटिकमध्ये अर्धविराम अर्धविरामच राहतो. या एका बाबतीत फोनेटिक निःसंशय सरस आहे आणि केवळ याच कारणासाठी कोणी ते निवडले तर मी वाद घालणार नाही.

तरीही मी फोनेटिक सोडले, ते एका अक्षरामुळे. मराठीत रफाराखेरीज अर्ध्या र चे आणखी एक रूप आहे. आचार्यांना आणि आचाऱ्यांना, दर्या आणि दऱ्या, या जोड्या शाळेत सगळ्यांनीच पाहिल्या असतील. रोमन अक्षरांत लिहिताना या दोन्हींतला फरक उरत नाही. मग साधन अंदाज बांधते, पर्यायांची यादी पुढे करते आणि त्यातला योग्य शब्द आपण निवडायचा असतो. नेहमीच्या शब्दांत अंदाज बरोबर येतो हे वर म्हटलेच आहे. पण माझे काम नेहमीच्या शब्दांचे नव्हे, ते आडनावांचे आणि गावांच्या नावांचे आहे. आणि आपल्याकडे पऱ्हाटी आहे, गोऱ्हा आहे, कऱ्हाळे आहेत, बोऱ्हाडे आहेत. ही नावे कोणत्याही साधनाच्या शब्दसंग्रहात असतीलच असे नाही.

हिंगोली तालुक्यात डिग्रस कऱ्हाळे नावाचे गाव आहे. चार वर्षांपूर्वी कापसाच्या ऐन हंगामात एका जिनिंगवर मी नवी आवृत्ती बसवायला गेलो होतो. बाहेर गाड्यांची रांग लागलेली, आणि काट्यावरच्या खोलीत एक वयस्कर शेतकरी खिडकीतून हात घालून उभे. ‘‘साहेब, मागच्या साली तर नाव व्हतं की माझं. औंदा कसं काय गायब झालं?’’ ऑपरेटर ताई त्यांच्या गावाचे नाव पुन्हा पुन्हा टंकत होत्या आणि माझा प्रोग्राम दर वेळी ‘नोंद सापडली नाही’ असे सांगत होता. मी त्यांच्या खांद्यावरून पाहिले, तर त्यांनी लिहिलेले नाव बिनचूक होते. यादी उघडली, तर त्यातही गावाचे नाव बिनचूक होते. डोळ्यांना दोन्हींत काडीचा फरक दिसत नव्हता.

रात्री लॉजवर बसून आतले सांकेतिक क्रमांक उघडून पाहिले तेव्हा उलगडा झाला. कऱ्हाळे या नावातला हा अर्धा र युनिकोडमध्ये, म्हणजे प्रत्येक अक्षराला ठरावीक क्रमांक देणाऱ्या पद्धतीत, तीन प्रकारे साठवता येतो. पहिला प्रकार म्हणजे ऱ हे स्वतंत्र अक्षर आणि त्याचा मोडलेला पाय. यातल्या ऱ ला ०९३१ हा क्रमांक आहे. दुसऱ्यात साधा र, त्याखाली नुक्ता म्हणजे टिंब आणि मग पाय. तिसऱ्यात साधा र, पाय आणि त्यानंतर झिरो विड्थ जॉइनर नावाचे एक अदृश्य चिन्ह. पडद्यावर तिन्ही सारखीच दिसतात. युनिकोडच्या प्रमाणीकरणाच्या, म्हणजे वेगवेगळ्या नोंदी एकसारख्या करण्याच्या, नियमांनी पहिले दोन एकरूप होतात, तिसरे मात्र वेगळेच राहते. मागच्या वर्षीची नावे एका साधनाने तिसऱ्या प्रकारात भरली गेली होती आणि या वर्षी ताई दुसऱ्या साधनाने पहिल्या प्रकारात शोधत होत्या.

त्यावर मी जे केले ते सांगायला आजही संकोच वाटतो. मजकुरातली सगळी अदृश्य चिन्हे काढून टाकणारी दोन ओळींची आज्ञा मी चालवली आणि निश्चिंत झोपलो. सकाळी यादीतल्या निम्म्या कऱ्हाळ्यांच्या डोक्यावर रफार चढून ते ‘कर्हाळे’ झाले होते, कारण तिसऱ्या प्रकारात ते अदृश्य चिन्हच त्या अक्षराला त्याचे रूप देत असते. ते काढले की उरतो तो साधा रफार. शेवटी आदल्या रात्रीची प्रत परत घेऊन, केवळ र, पाय आणि जॉइनर असे तिन्ही एकापाठोपाठ आलेले असतील तेथेच त्यांच्या जागी ऱ आणि पाय घालावा, अशी दुरुस्ती केली. ती आजतागायत चालू आहे.

यात मुख्य चूक माझी होती, टंकण्याच्या पद्धतीची नव्हे, हे मला मान्य आहे. शोध घेण्यापूर्वी मजकूर एकसारखा करून घेणे हे माझेच काम होते. पण त्या रात्रीनंतर फोनेटिकमध्ये लिहिताना माझ्या मनात एक प्रश्न सतत टोचू लागला, तो असा की मी जे दाबले त्याचे आत नेमके काय झाले. साधन शब्द शिकत जाते, आपल्या सवयी लक्षात ठेवते, आवृत्ती बदलली की त्याचा अंदाजही बदलतो. तीच रोमन अक्षरे सोमवारी एक शब्द देतात आणि शुक्रवारी दुसरा. रोमन अक्षरांना ठरीव नियम लावणाऱ्या काही जुन्या पद्धतींत हा दोष नाही, पण त्यांत लहानमोठ्या लिपीचे नियम इतके लक्षात ठेवावे लागतात की मग सरळ इनस्क्रिप्टच का शिकू नये, असे वाटते.

इनस्क्रिप्टमध्ये शिफ्ट आणि जे दाबले की ऱ येतो. डी दाबले की त्याचा पाय मोडतो, यू दाबले की ह येतो. कऱ्हाळे हा शब्द सात कळींत होतो, आजही आणि पुढच्या हंगामातही, आणि त्यासाठी मला कोणत्याही यादीतून काही निवडावे लागत नाही. जुन्या सवयीने कोणी इनस्क्रिप्टमध्येही जॉइनर घालत असेल, पण ते त्याने स्वतः घातलेले असते. माझा टंकण्याचा वेग वाढला की नाही, हे मी घड्याळ लावून पाहिलेले नाही. फोनेटिकमध्ये दर शब्दागणिक यादीकडे जाणारी नजर आता समोरच्या कागदावर राहते, एवढे मात्र जाणवते. संध्याकाळी डोळे पूर्वीइतके चुरचुरत नाहीत, याचे श्रेय इनस्क्रिप्टला द्यावे की नव्या चष्म्याला, ते मला सांगता येणार नाही.

मोबाइलविषयी फारसे लिहिण्यासारखे नाही. तेथे मी फोनेटिकच वापरतो. एका अंगठ्याने लिहायचे असल्यावर दहा बोटांच्या मांडणीचा उपयोग काय? मुंबईच्या आयआयटीने केलेले स्वरचक्रही काही काळ वापरले, आणि आमच्या आईला ते फार सोपे गेले. बोलून लिहिण्याची सोय चांगली आहे, पण तिला ‘औंदा’ अजून कळत नाही.

तेव्हा जो माणूस नावे, पत्ते, सातबाऱ्यावरची गावे, असा पुढे शोधावा लागणारा मजकूर रोज भरतो, त्याने पंधरा दिवसांचा त्रास सोसून इनस्क्रिप्ट शिकावे, असे माझे नम्र मत आहे. दिवसभर प्रोग्रामच लिहिणाऱ्याने, ज्याला मराठीचे जेमतेम दहा-वीस शब्द लागतात, त्याने ‘च’चा उपद्रव लक्षात घेऊन ठरवावे. मेहुण्याला मी इनस्क्रिप्ट सुचवले होते. त्याने आठ दिवस प्रयत्न केला आणि सोडून दिले, तरी आमचे संबंध चांगले आहेत.

त्या जिनिंगवरच्या ताईंनी मात्र माझे म्हणणे अर्धेच ऐकले. त्या आजही सगळे फोनेटिकमध्येच लिहितात. फक्त पडद्याच्या कडेला त्यांनी एक चिठ्ठी चिकटवली आहे, तिच्यावर निळ्या पेनाने ‘शिफ्ट जे, मग डी’ असे लिहिले आहे, आणि कऱ्हाळे आले की तेवढ्या एका अक्षरापुरत्या त्या इनस्क्रिप्टमध्ये जाऊन परत येतात.