फ्लायव्हीलचे बोल्ट: कंपनीचे घ्यावेत की हार्डवेअरच्या दुकानातले?

क्लचप्लेट बदलायला गिअरबॉक्स उतरवला की हा प्रश्न हमखास येतो. फ्लायव्हील, म्हणजे क्लच ज्यावर बसतो ते जड चाक, धरणारे जुने बोल्ट दिसायला चांगले असतात, पण अनेक गाड्यांत ते एकदाच वापरायचे असतात. फोक्सवॅगनच्या कित्येक चार सिलिंडर इंजिनांत आधी ६० न्यूटन-मीटर आवळून मग आणखी ९० अंश फिरवतात. त्यात बोल्ट ताणला जातो आणि तो ताणच फ्लायव्हील क्रँकशाफ्टला (इंजिनच्या मुख्य फिरत्या दांड्याला) घट्ट धरून ठेवतो. ताणलेला बोल्ट पुन्हा तसा धरेल याची खात्री नाही.

दुकानात १०.९ ग्रेडचा (ग्रेड म्हणजे मजबुतीचा आकडा) हाय टेन्साइल, म्हणजे जास्त ताण सोसणारा, बोल्ट सहज आणि स्वस्तात मिळतो. ताकद बहुधा पुरेशी असते, अडतं मापात. दुकानातल्या १० मिमी बोल्टची पिच, म्हणजे दोन आट्यांमधलं अंतर, साधारणपणे १.५ मिमी असते, तर या इंजिनांना १.० लागते. जबरदस्तीने बसवलात तर क्रँकशाफ्टचे आटेच जातील. शिवाय डोकं जाड असेल तर क्लचप्लेटला घासतं. १२.९ घ्या, जास्त मजबूत, असं कुणी म्हणेल. पण तो तितका लवचीक नसतो आणि झिंक प्लेटिंग नीट झालं नसेल तर ठिसूळ होऊन तुटू शकतो.

कंपनीच्या बोल्टची लांबी, डोकं, आटे जुळलेले असतात. पार्ट नंबर चासी नंबरवरून तपासा. काहींवर थ्रेडलॉकर (बोल्ट सैल होऊ न देणारा गोंद) आधीच लावलेला येतो. क्रँकशाफ्टमधली बोल्टची भोकं आरपार असतील तर सीलंट हवाच, नाहीतर क्लचवर ऑइल येतं.

मी कंपनीचेच घेईन. जुन्या, बंद झालेल्या मॉडेलला ते मिळत नसतील तरच पिच गेजने मोजून, त्याच ग्रेडचे दुसरे शोधावेत.